सहाव्या मजल्यावरची वाघीण

१

वाघाच्या बछड्यांना बाटलीने दूध पाजायचं काम मी चार वर्षं केलं. लालबागमध्ये. हे ऐकून लोक हसतात, म्हणून जागा आधी सांगते. जिथे पूर्वी कापडगिरणी होती तिथे आता त्रेपन्न मजल्यांचा टॉवर आहे. तळमजला धरून त्याच्या खालच्या सात मजल्यांवर गाड्या उभ्या राहतात. त्यातल्या सहाव्या मजल्याच्या मागच्या अर्ध्या भागाला लिफ्टमध्ये बटणच नव्हतं. मालवाहू लिफ्टने पाचव्यावर उतरायचं, जिन्याने एक मजला चढायचं आणि लोखंडी दारावरची बेल दाबायची. दारावर पाटी होती, 'वन्यजीव बचाव व संवर्धन केंद्र'. आत फ्रेममध्ये कसलासा परवाना लावलेला होता, शिक्क्यासकट. मी तो कधी नीट वाचला नाही. वाचायला हवा होता.

माझं नाव कौसल्या गमरे. वय छप्पन्न. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले, अजूनही तिथेच राहते, फक्त आता चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीत. तीस वर्षं जनावरांच्या इस्पितळात नर्स होते. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर हितेंद्रशेठचं बोलावणं आलं. हा टॉवर त्याचाच. त्याचा बाप आणि माझा बाप एकाच गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते, म्हणून तो मला मावशी म्हणायचा आणि मला ते बरं वाटायचं.

पावणेसातला पोचायचं. चपला बाहेर, हात कोपरापर्यंत धुवायचे, दुधाची पावडर कोमट पाण्यात कालवायची. बछड्यांचं वजन करायचं, भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचं. मग कापूस. इतक्या लहान बछड्याला आपणहून लघवी होत नाही, आई चाटते तेव्हाच होते. आई जवळ नसेल तर कापूस कोमट पाण्यात भिजवायचा आणि तिच्या जिभेसारखा पोटाखाली फिरवायचा.

आई जवळ नसायची कारण आम्हीच ती ठेवत नव्हतो. चांदी तिचं नाव. पांढरी वाघीण. व्यायल्यावर तिसऱ्या दिवशी पिल्लं काढून घ्यायची. म्हणजे पिल्लं माणसाळतात आणि वाघीण लवकर पुन्हा माजावर येते. तिचं खाणंपिणं, साफसफाई गुणाजी बघायचा. तो मांस दाखवून तिला शेजारच्या पिंजऱ्यात घ्यायचा, मधली झडप पाडायचा, आणि मी आत जाऊन पिल्लं उचलायचे. चांदी गजांना कपाळ टेकून उभी राहायची. डरकाळी नाही, काही नाही. मी तिच्याकडे बघायचं टाळायचे.

चार वर्षांत सात वेळा मी हे केलं.

आठव्या वेळी गुणाजीचा फोन आला की पाच दिवस येऊ नको, फरशीचं काम चाललंय. सहाव्या दिवशी गेले तर खोक्यात तीन पिल्लं होती आणि चांदीचा पिंजरा रिकामा, धुतलेला. केंद्राचा जनावरांचा डॉक्टर हेरंब म्हणाला, "तिला विश्रांतीसाठी शेठच्या फार्महाउसवर पाठवलंय, ताई. थकली होती."

मला आनंद झाला. खरंच झाला. कुणीतरी तिचा विचार केला म्हणून.

२

पिल्लांच्या खोलीला खिडकी नव्हती. एक दार, एक एसीची जाळी, कोपऱ्यात लाल दिव्याखाली लाकडी खोका, पलंगाएवढा, त्यात जाड घोंगडी. रोज दार उघडलं की तिघंही भुकेने किंचाळायची. त्या आवाजाची मला इतकी सवय होती की जिन्यातच माझी पावलं भरभर पडायची.

पिल्लं तीन आठवड्यांची झाली त्या सुमाराला एका सकाळी दार उघडलं आणि कुणीच किंचाळलं नाही.

तिघंही झोपली होती. गार पडली असतील म्हणून घाईने हात लावला, तर उबदार होती. आणि ओली. मानेपासून शेपटीपर्यंत केस उलटे फिरवून बसवल्यासारखे, ओल्या पट्ट्यापट्ट्यांनी. पोटं तट्ट फुगलेली. कापूस फिरवला, एक थेंब आला नाही. घोंगडीही कोरडी, स्वच्छ. एकाच्या ओठाला दूध होतं. पावडरच्या दुधाला बिस्किटासारखा गोड वास येतो. हा वास तसा नव्हता. इस्पितळात व्यायलेल्या कुत्र्यामांजरांच्या पिंजऱ्यात वाकलं की येतो तसा होता, पण त्याहून कितीतरी उग्र.

वजन केलं. प्रत्येक पिल्लू एका रात्रीत पाव किलोने वाढलं होतं. मी आकडे तक्त्यात लिहिले, मग बोटाने पुसले. का पुसले ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

पहिला संशय गुणाजीवर गेला. साठीचा माणूस, कणकवलीकडचा, दहा शब्दांत दिवस काढणारा.

"गुणाजी, रात्री चांदीला परत आणली होती का रे?"

तो बादली घासत होता. हात थांबला.

"नाय गो बाय."

"मग पिल्लांना दूध कुणी पाजलं?"

"माका काय म्हायत नाय," तो म्हणाला आणि बादली घेऊन निघून गेला. बादली अजून अर्धी घाण होती.

३

आमच्या घरात भूतबाधा, उतारा, अंगारा हे कधी चाललं नाही. माझा बाप दहा तास साच्यावर उभा राहून यायचा आणि तरी आम्हा पोरींना बसवून सांगायचा की दिसतं ते तपासा, सांगितलेलं मानू नका. म्हणून मी तपासलं.

आधी कुलूप. त्याला दोन किल्ल्या, एक माझ्याकडे, एक वॉचमनकडे. मग जाळी. तिच्यातून उंदीर आला असता, त्याहून मोठं काही नाही. मग कॅमेरा. खोलीत एकच होता. वॉचमनच्या टेबलावर मी त्या दिवशीचं सकाळी सहाचं चित्र लावून घेतलं.

तिन्ही पिल्लं खोक्याच्या एका बाजूला ओळीने पडली होती, तोंडं रिकाम्या बाजूकडे. पुढचे पंजे आळीपाळीने पुढेमागे होत होते. पिल्लू आईचं थान दाबतं तसे. गळे हलत होते. समोर नुसती घोंगडी होती.

"झोपेत स्वप्न बघत असतील," वॉचमन म्हणाला.

मीही मान डोलावली. बाटलीवरची पिल्लं झोपेत चोखतात, हे मी पाहिलेलं आहे. मग मधलं पिल्लू उलटं झालं. आपणहून झालं असं म्हणता आलं असतं, पण ते आधी मानेला धरल्यासारखं जरा उचललं गेलं आणि मग पाठीवर ठेवलं गेलं. पाय हवेत. पोटावरचे केस एका दिशेने वाकत गेले, खालून वर, खालून वर.

"खेळतायत बघा," वॉचमन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी सव्वासहालाच गेले. दाराला कान लावला. आतून आवाज येत होता. गोणपाटावरून कडक ब्रश ओढावा तसा, सावकाश. मध्येच थांबायचा आणि नाकातून फुरफुरल्यासारखं काहीतरी व्हायचं. तो फुरफुराट मला माहीत होता. वाघीण खुशीत असली की तसं करते. पिल्लं काढून घ्यायच्या आधीचे दोन दिवस चांदी तसं करायची.

मी किल्ली फिरवली. आवाज थांबला. खोलीत पिल्लं होती, ओली, आणि लाल दिवा दोरीवर हळूहळू झुलत होता.

४

त्या दुपारी मी गुणाजीला जिन्यात गाठलं. वाट अडवून उभी राहिले.

"ती फार्महाउसवर नाहीये. खरं सांग."

त्याने हातातली बादली पायरीवर ठेवली. "मरान गेली ती," म्हणाला. "डॉक्टरान प्वॉट फाडल्यान."

"कुठे टाकली?"

त्याने बोट केलं. मागच्या बाजूला मांस ठेवायचा डीप फ्रीझर होता, आडवा, शवपेटीसारखा लांब. मी त्यातून चार वर्षं कोंबड्या काढून दिल्या होत्या. त्या महिन्यात मात्र त्याला टाळं होतं. गुणाजीकडे किल्ली होती. त्याने उघडलं आणि तोंड फिरवलं.

चांदी पाय दुमडून कोंबलेली होती. वर बर्फाचा थर. पोट बेंबीपासून खाली उघडं होतं. टाके घातलेले नव्हते. मेलेल्या कुत्र्यालासुद्धा आम्ही इस्पितळात टाके घालून मालकाच्या हाती द्यायचो.

"हिला अशी का ठेवली?"

"शेठ बोललो, कातडा खराब होता नये. दिवाणखान्यात लावूचा हा."

मला वाटलं होतं मी रडेन. मी तिचा बर्फ हाताने झाडायला लागले, उगाचच, कपाळावरचा, डोळ्यांवरचा. मिशाही गोठून तारांसारख्या झाल्या होत्या. मग तोंडाशी आले.

जीभ बाहेर होती. तिच्यावर बर्फ नव्हता. ती गुलाबी होती, ओली होती, आणि तिच्या काट्यांमध्ये पांढरे बारीक केस अडकले होते. लोकरीसारखे मऊ, बछड्याचे.

फ्रीझर मध्येच बंद पडला असेल, मी स्वतःला म्हटलं. पण मग जबड्यावरचा बर्फ का नाही वितळला? मी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

"बंद कर," मी गुणाजीला म्हटलं. त्याने डोळे मिटूनच झाकण पाडलं.

५

डॉक्टर हेरंब बत्तीस वर्षांचा, दादरचा, मऊ बोलणारा. त्याच्या केबिनमध्ये जाऊन मी दार लावून घेतलं. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. ते अजून बर्फाने लाल होते.

"दोन दिवस कळा देत होती, ताई," तो आपणहून बोलायला लागला. "पिल्लू आडवं होतं. मी म्हटलं हिला मोठ्या इस्पितळात हलवू. शेठ म्हणाले, बोभाटा होईल, पिल्लं वाचव, बाकीचं बघू. इथे भुलीचं औषध पुरेसं नव्हतं."

"म्हणजे?"

"ती पूर्ण बेशुद्ध नव्हती." त्याने चष्मा काढला. "पहिलं पिल्लू बाहेर काढलं तेव्हा तिनं मान वळवली. चाटायला बघत होती. मी पिल्लू बाजूला घेतलं. वेळ नव्हता."

"आणि याआधीची पिल्लं? माझ्या हातची? मोठी झाली की कुठल्या अभयारण्यात जायची ती?"

त्याने चष्मा पुन्हा चढवला आणि सगळं सांगून टाकलं. अभयारण्याची गोष्ट त्यानेच मला पहिल्या वर्षी सांगितली होती.

पिल्लं शेठच्या पार्ट्यांत पाहुण्यांच्या मांडीवर द्यायला हवी असायची, आणि चार महिन्यांनंतर पिल्लू मांडीवर मावत नाही. पाहुणे घाबरतात. ज्यांचे डोळे तिरळे, टाळू फाटलेली, कणा वाकडा, त्यांना हेरंब सुई द्यायचा. बाकीची कुणाकुणाच्या फार्महाउसवर जायची. व्यंगं असणारच होती. पांढरा वाघ ही काही वेगळी जात नाही. हा रंग टिकवायचा तर रक्तातच जोडी लावावी लागते, आणि चांदीच्या पिल्लांचा बाप, शेठच्या फार्महाउसवरचा वाघ, हा चांदीचाही बाप होता. याला दारावरच्या पाटीवर 'संवर्धन' म्हणायचे. आणि पार्ट्यांना येणाऱ्या बायका, शिकलेल्या, परदेशी फिरून आलेल्या, पिल्लू मांडीवर घेऊन म्हणायच्या, किती छान काम करता हो तुम्ही. मी बाजूला बाटली धरून उभी असायचे आणि लाजून हसायचे.

मी खाली रस्त्यावर आले. चिवड्याच्या दुकानासमोर उभी राहून वनखात्याला फोन लावला. पत्ता सांगितला, मजला सांगितला, फ्रीझर कुठे आहे ते सांगितलं. पलीकडच्या बाईने नाव विचारलं. तेही सांगितलं. "एक-दोन दिवसांत पथक येईल," ती म्हणाली. "तोवर तिथेच थांबा, संशय येऊ देऊ नका."

तो गुरुवार होता. शनिवारी चार वाजता शेठच्या नव्या टॉवरमध्ये पैसे गुंतवणारे पाहुणे येणार होते.

६

शनिवारी सातव्या मजल्यावरच्या बागेत पांढरे तंबू लागले होते. पाहुण्यांचे फोन दारात टोपलीत काढून घेतले होते. मला चार वाजता पिल्लं वर आणायची होती. मी आणली नाहीत. खोलीच्या दारातच स्टूल टाकून बसून राहिले. पथकाचा पत्ता नव्हता.

पिल्लं साडेतीन आठवड्यांची झाली होती. चार दिवस मी त्यांना बाटली लावली नव्हती. लागलीच नव्हती.

सव्वाचारला हितेंद्रशेठ स्वतः खाली आला. मागे हेरंब.

"मावशी, काय चाललंय? वर प्रिती चार वेळा विचारून गेली."

प्रिती त्याची बायको.

"पिल्लं मिळणार नाहीत," मी म्हटलं.

"आजारी आहेत?"

"नाहीत. मी देणार नाही."

तो हसला. "मावशी, तुमच्या-माझ्या बापाने एका डब्यातली भाकरी खाल्लीय. तमाशा नको. पाच मिनिटं मांडीवर, की परत."

"तिची कातडी कुठल्या भिंतीवर लावणार आहेस रे?"

त्याचं हसू गेलं. त्याने हेरंबकडे पाहिलं, हेरंबने जमिनीकडे. शेठ मला ओलांडून आत शिरला. मी त्याच्यामागून आत वळले आणि तेव्हाच मला ते दिसलं.

पिल्लं खोक्याच्या कडेला एकावर एक झोपली होती. त्यांच्या भोवती घोंगडी दबलेली होती. एक लांब, वळलेला खळगा, माझ्या उंचीपेक्षा मोठा, पिल्लांना पोटाशी घेऊन पडल्यासारखा. आणि तो खळगा हलत होता. घोंगडीची कड वर यायची, खाली जायची. सावकाश. श्वासासारखी. लाल दिव्याखाली त्या खळग्यात काही नव्हतं. फक्त त्याच्या एका टोकाला, पिल्लांच्या डोक्यांवर, हवा पाण्यातून बघावं तशी थरथरत होती.

दिवा गरम झालाय, मी मनात म्हटलं. उष्णतेने होतं तसं.

हितेंद्रने बाही वर केली.

मी त्याला थांबवू शकत होते. 'हात घालू नको' एवढे तीन शब्द. मला वेळ होता. तो माझ्याकडे वळून म्हणालासुद्धा, "बाजूला व्हा, मावशी."

मी बाजूला झाले.

त्याने वाकून हात घातला. पिल्लापर्यंत पोचायच्या आधीच तो हात खाली दाबला गेला, जोरात नाही, आई चुळबुळणाऱ्या पोराला दाबून धरते तसा. मग तोच आवाज आला. गोणपाटावरून ब्रश. एकदा. दोनदा. हितेंद्रला ओरडायला वेळ लागला, त्याला काय होतंय ते कळत नव्हतं. मला कळत होतं. आधी हातावरचे केस गेले. मग त्याखालचं.

हेरंबने त्याला कमरेला धरून मागे ओढलं. मनगटापासून कोपरापर्यंत हात सोललेला होता, एकसारखा, उसासारखा. चावल्याची एकही खूण नव्हती.

पिल्लं झोपेतून उठलीही नाहीत.

७

पथक साडेपाचला आलं. तोवर पाहुणे पांगले होते आणि हितेंद्रला इस्पितळात नेलं होतं. अधिकारी बाईचं नाव अनुजा. तिशीतली, बोलायला तुटक. तिने फ्रीझर पाहिला, बराच वेळ बाहेर जाऊन उभी राहिली आणि परत येऊन म्हणाली, "हिला इथेच राहू द्या. पंचनामा उद्या होईल. आधी जिवंत आहेत ती हलवू."

हेरंबने जबाबात लिहिलं होतं की बछड्यांनी ओरबाडलं. अनुजाने ते वाचलं, पिल्लांचे दात पाहिले, आणि माझ्याकडे वळली.

"तुम्ही दारात होतात. खरं काय झालं?"

"त्याने हात घातला."

"तुम्ही अडवलं नाहीत?"

"नाही. आणि लिहून घ्या, चार वर्षं आईपासून पिल्लं मीच उचलत होते. एकोणीस. हे माझ्या नावावर घाला."

तिने लिहून घेतलं. मग विचारलं, "यांना मोठं झाल्यावर जंगलात सोडता येईल असं वाटतं तुम्हाला?" तिला उत्तर माहीत होतं, बहुतेक कुणी वेगळं बोललं तर ऐकायचं होतं.

"एकाचे डोळे तिरळे आहेत," मी म्हटलं. "तिघांनाही माणसाच्या हाताची भीती नाही. जन्मभर पिंजराच. तुमचा जरा मोठा असेल, एवढंच."

तिच्या माणसांनी जाड हातमोजे चढवले. मी म्हटलं, थांबा. लाकडी पेटी खोक्याशी टेकवून मी दार उघडं ठेवलं आणि जमिनीवर बसले, हात मांडीवर. कुणाला उचललं नाही. बऱ्याच वेळाने पहिलं पिल्लू आपण होऊन पेटीत गेलं, मग दुसरं, मग तिरळं. मी दार लावायला उठणार, तोच माझ्या खांद्याला काहीतरी जड, ओलसर घासून पुढे गेलं. पेटीची फळी करकरली. मी आणखी थोडा वेळ बसून राहिले आणि मग कडी घातली.

चार माणसांना ती पेटी उचलवेना. जिन्यावरून सरकवत पाचव्यावर उतरवली आणि तिथून चाकांच्या पाटावरून, ढकलत, मालवाहू लिफ्टने खाली आणली. "सागवानी दिसते," एकजण धापा टाकत म्हणाला. ती साध्या प्लायवूडची होती.

गाडीत पेटी चढवली तसा गाडीचा मागचा भाग खाली बसला. ड्रायव्हर उतरून चाकं बघायला आला.

"मॅडम, काय भरलंत मागे?"

"तीन बछडे," अनुजा म्हणाली. "बारा किलोही नाहीत सगळे मिळून." ती चाकांकडे बघत होती. मग माझ्याकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "उघडून बघू का एकदा?"

"नको."

"तिकडे पोचल्यावर तरी उघडावीच लागेल."

"तेव्हा हात घालू नका. कुणालाच घालू देऊ नका. आणि त्यांना वेगळं करू नका."

"तिघांना?"

आतून फुरफुरल्याचा आवाज आला. अनुजाने तो ऐकला. ती जाऊन ड्रायव्हरशेजारी बसली. गाडी उतारावरून निघाली. फाटकातून रस्त्यावर वळताना तिचा मागचा भाग जमिनीला घासत गेला, आणि फुटपाथवर झोपलेली कुत्री एकदम उठून, न भुंकता, पलीकडच्या गल्लीत पळाली.